रोड किंग, 88 चं 95 : कॅम आणि लिफ्टरच्या नोंदी

18 नोव्हेंबर 2023

दिवाळी आटोपली आणि गाडी जॅकवर चढली. ब्रुकफील्डच्या, म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गॅरेजमध्ये आता मार्चपर्यंत तिचा मुक्काम. इथली थंडी सुरू झाली की रस्त्यावर मीठ पडतं, बाइक बाहेर काढण्यात अर्थ नसतो. हाताने काम करायला हेच दिवस चांगले.

गाडी 2003 ची हार्ले रोड किंग, कार्ब्युरेटरवाली. इंजिन ट्विन कॅम 88 : 45 अंशांचं व्ही-ट्विन, बोअर 3.75 इंच, स्ट्रोक 4 इंच, 1450 सीसी. आधीच्या इव्होल्यूशन इंजिनात एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व कधी उघडायचे-मिटायचे ते ठरवणारा दांडा) होता. 1999 च्या मॉडेलपासून या इंजिनात पुढच्या सिलिंडरला एक आणि मागच्याला एक असे दोन आले. क्रँकवरून निघालेली बाहेरची चेन मागचा कॅम फिरवते, आणि आतली आखूड चेन मागच्यावरून पुढचा.

बोअरचं ठरलेलं आहे. मूळचेच सिलिंडर 3.875 इंचांवर जातील, फ्लॅट-टॉप पिस्टन बसतील, आणि 88 चे 95 घनइंच होतील, साधारण 1550 सीसी. स्ट्रोक तोच, त्यामुळे क्रँकला हात लावायचा नाही. प्रश्न उरतो कॅमचा आणि त्याच्यावर चालणाऱ्या, त्याची उचल पुशरॉडमार्फत व्हॉल्वकडे पोचवणाऱ्या लिफ्टरचा. माझ्या मते या इंजिनाचा स्वभाव तिथेच ठरतो. बोअर वाढवला की इंजिनाचं पोट मोठं होतं, पण ते कधी आणि किती भरायचं हे कॅम ठरवतो.

25 नोव्हेंबर 2023

कॅम चेस्ट, म्हणजे कॅमचा कप्पा उघडला. 41,000 मैल झालेत. बाहेरच्या टेन्शनरचा (चेन ताणून धरणाऱ्या भागाचा) नारिंगी शू चेनने खोल खाल्लाय, दोन चरे नखाला लागतात. आतला त्याहून वाईट : एका कडेचा तुकडाच उडालाय. 2006 पर्यंतच्या ट्विन कॅमचा हा ठाऊक असलेला दोष आहे (डायना मॉडेलांत 2005 पर्यंत). कडक स्प्रिंग प्लॅस्टिकचा शू चेनवर सतत दाबून धरते, शू झिजतो, आणि त्याचा चुरा ऑइल पंपात जातो. ज्यांच्याकडे या वर्षांतली गाडी आहे त्यांनी कॅम बदलायचा नसला तरी एकदा हे झाकण उघडून बघावंच. इंजिन बाहेरून अगदी गोड चालत असतं आणि आत हे चाललेलं असतं.

शू पुन्हा तेच घालणार नाही. मग दोन वाटा. एक, चेन काढून टाकून गिअरवर चालणारे कॅम. दुसरी, 2007 च्या इंजिनासारखी हायड्रॉलिक टेन्शनरची प्लेट, जुन्या केसला बसेल अशी. तिच्यात तेलाचा दाब शूला हलक्या हाताने धरतो, चेन रोलरची असते, आणि सोबत जास्त तेल वाहणारा पंप येतो.

गिअर ड्राइव्ह मला मनापासून आवडतो. झिजायला शूच नाही. पण त्याची एक अट आहे : क्रँकच्या पिनियन शाफ्टचा आउट, म्हणजे फिरताना टोकाचं डोलणं, 3 थाउच्या आत हवा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). हा क्रँक दाबून बसवलेल्या तुकड्यांचा असतो, तो जराही सरकला तर शाफ्टचं टोक डोलतं. गिअर एकमेकांत घट्ट बसलेले असतात. डोलणारा शाफ्ट त्यांना एका बाजूला जाम करतो आणि दुसऱ्या बाजूला सैल सोडतो. चेन ते डोलणं सहन करते, गिअर नाही.

डायल गेज लावून क्रँक हळूहळू फिरवला. काटा साडेचार थाउ फिरला. गेजचा स्टँड दुसऱ्या जागी लावून परत बघितलं, तेवढाच. चेनच्या हिशेबाने हा आउट खपण्यासारखा आहे, गिअरच्या हिशेबाने नाही. म्हणजे हायड्रॉलिक प्लेट.

त्यामुळे कॅमची निवडही आकुंचली. माझ्या केसमधली आतली बेअरिंग जुन्या मापाची आणि प्लेट नव्या पद्धतीची. कॅमचं आतलं टोक जुन्या मापाचं आणि बाहेरचं टोक नव्या मापाचं लागतं. ‘कन्व्हर्जन’ म्हणून विकले जातात ते हे. मागवताना हा शब्द बघितलाच पाहिजे.

9 डिसेंबर 2023

आज कागद-पेन्सिल. कॅमचं कार्ड (त्याची मापं छापलेला कागद) वाचण्याआधी इंजिनाचं कॉम्प्रेशन माहीत हवं.

हेड उलटं ठेवलं, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवली आणि ब्युरेटने रंगीत पाणी सोडलं. 84.5 सीसी. दोन्ही हेड अर्ध्या सीसीच्या आत जुळली. गॅस्केट 30 थाउ जाडीचा, त्याचे सुमारे 6. पिस्टन वरच्या टोकाला आल्यावर डेकपासून (सिलिंडरच्या वरच्या कडेपासून) 5 थाउ खाली राहील, त्याचा 1. पिस्टनवरच्या व्हॉल्वच्या खाचांचे दीड. बेरीज 93 सीसी. एका सिलिंडरचा स्वीप 773 सीसी. भागाकार करून एक मिळवला : 9.3.

हे झालं कागदावरचं कॉम्प्रेशन. पिस्टन तळाला पोचला त्या क्षणी इनटेक व्हॉल्व मिटला असता तरच ते खरं ठरलं असतं. तसं होत नाही. पिस्टन वर यायला लागतो तरी इनटेक उघडाच असतो. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो, पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते. कमी आरपीएमला तो वेग नसतो, आणि पिस्टन भरलेला माल कार्ब्युरेटरकडे परत ढकलतो. इनटेक मिटल्यानंतरच दाबायला सुरुवात होते. म्हणून इंजिनाला खरोखर जाणवणारं कॉम्प्रेशन त्या कोनावरून काढायचं.

माझ्या स्ट्रोकवर हिशेब असा आला. इनटेक तळानंतर क्रँकच्या 30 अंशांवर मिटला तर 4 इंचांपैकी 3.8 इंच स्ट्रोक दाबायला उरतो, डायनॅमिक कॉम्प्रेशन 8.9. 40 अंशांवर मिटला तर 8.6. 50 अंशांवर 3.44 इंच उरतात आणि आकडा 8.15 वर येतो. उलटं बघितलं तर 50 अंशांच्या कॅमला 34 अंशांच्या कॅमइतका दाब हवा असेल, तर कागदावरचं कॉम्प्रेशन 10 करावं लागेल. म्हणजे हेड घासणं आलं, पातळ गॅस्केट आला किंवा डोम पिस्टन आले. मोठा कॅम एकटा कधी येत नाही, तो खर्चाचं बिऱ्हाड घेऊन येतो.

हवेवर थंड होणारं इंजिन आणि इथल्या पंपावरचं 91 ऑक्टेन धरून मी स्वतःसाठी 8.7 ते 8.9 ही पट्टी आखली. त्याच्या वर गेलो तर ऑगस्टमध्ये चढावर नॉकिंगची (इंधन अवेळी पेटून होणाऱ्या ठोक्यांची) भीती, फार खाली गेलो तर 2,500 ला गाडी मरगळलेली.

26 डिसेंबर 2023

सुट्टीत सगळी कार्डं समोर मांडून बसलो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इथे बरेच जण गोंधळतात. हार्लेच्या कॅमचे अंश लिफ्टर 53 थाउ उचलला गेल्यापासून मोजतात. मोटारींच्या कॅमचे अंश बहुधा लिफ्टर 50 थाउ उचलला गेल्यापासून. दोन्ही मापं लिफ्टरवरचीच, फरक फक्त 3 थाउंचा. तरी इंजिनं वेगळी, म्हणून मोटारीच्या इंजिनावर काम केलेल्या माणसाने ‘224 अंश म्हणजे अमुक तमुक’ असा अंदाज थेट इकडे आणू नये.

मोह होता 0.585 इंच लिफ्टचा (लिफ्ट म्हणजे व्हॉल्व किती उचलला जातो ते). इथून तीनेक तासांवर व्हायोलाला ‘एस अँड एस’ आहे. 1958 पासून व्ही-ट्विनसाठी वेगवान पार्ट बनवणारी मंडळी. त्यांच्या कॅमचे 510, 585 हे आकडे म्हणजे लिफ्टचे थाउच. 585 ऐकायला जबरदस्त वाटतं. पण एवढ्या लिफ्टला माझ्या 2003 च्या मूळ स्प्रिंग चालत नाहीत. त्या कॉइलला कॉइल टेकून जाम होण्याची वेळ येते, आणि वरचा रिटेनर व्हॉल्वच्या सीलवर आदळू शकतो. म्हणजे स्प्रिंग बदला, हेडचं काम करा. आणि एवढं करून मला मिळणार 4,500 च्या वरची ताकद.

मी गाडी चालवतो कुठे? पाचव्या गिअरमध्ये ताशी 65 मैलांना हे इंजिन 2,700 ला फिरतं. मागे बायको, दोन्ही बाजूंना पेट्या भरलेल्या. ओव्हरटेक करताना 3,500. पाच हजार मी वर्षातून किती वेळा बघतो हे प्रामाणिकपणे विचारलं की मोठ्या कॅमची बाजू पडते.

संध्याकाळी कोल्हापूरला मामाला फोन केला. उद्यमनगरात त्याने उभी हयात इंजिनं बोअर करण्यात आणि पंपसेटची डिझेल दुरुस्त करण्यात घालवलीय. हार्ले त्याने फक्त फोटोत पाहिलीय. मी लिफ्टचे आकडे सांगायला लागलो तर मध्येच तोडलं.

“लिफ्टचं ऱ्हाऊ दे रं. इनटेक कवा मिटतोय त्ये सांग.”

“एकाचा 34 ला मामा, दुसऱ्याचा 50 ला.”

“आणि तू पळवतोयस किती आरपीएमला?”

“अडीच ते साडेतीन हजार.”

“मग इचारतोयस कशाला लेका? लवकर मिटतोय त्यो घाल.”

निवडलेल्या कॅमचं कार्ड : इनटेक वरच्या टोकाआधी 10 अंशांवर उघडतो, तळानंतर 34 वर मिटतो, एकूण 224. एक्झॉस्ट 44 आणि 10, एकूण 234. ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व एकदम उघडे असण्याचा काळ) 20 अंश, त्यामुळे आयडल मूळच्यासारखं शांत राहील. लिफ्ट 0.500 च्या किंचित खाली, मूळ स्प्रिंगला चालणारी. डायनॅमिक कॉम्प्रेशन 8.77. बनवणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे आकडे असलेले कॅम दोन-तीन जण बनवतात, आणि बघायचे ते आकडे.

13 जानेवारी 2024

बाहेर गुडघाभर बर्फ. आत लिफ्टर.

जुने चार लिफ्टर काढून पुसले. तीन ठीक वाटतात. चौथ्याचा, म्हणजे मागच्या एक्झॉस्टचा रोलर अंगठा आणि तर्जनीत धरून वरखाली केला की सूक्ष्म खेळ जाणवतो. रोलर गोल फिरवला तर एका जागी किंचित अडतो, जणू आत वाळूचा एक कण आहे. भिंग लावून बघितलं : रोलरच्या पाठीवर खसखशीएवढा खड्डा. कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) त्याच रेषेत पुसटसा चट्टा. आतल्या सुया झिजायला लागल्यात. हा आणखी पाच हजार मैल गेला असता आणि सुया बाहेर पडून पंपात गेल्या असत्या.

म्हणून माझं ठाम मत : कॅम बदलताना लिफ्टर नवेच घाला. जुन्या रोलरने नवा लोब खराब करून घेण्यात काटकसर नाही.

नवे कोणते? बाजारात ढोबळ तीन जाती. कंपनीचा मूळ, त्याच नमुन्याचा पण बारकाईने जुळवलेला महागडा, आणि आत प्लंजरच्या प्रवासाला अटकाव असलेला मर्यादित-प्रवासाचा. तिसरा उंच आरपीएमसाठी. तिथे स्प्रिंग कमी पडली की लिफ्टर तेलाने फुगतो आणि व्हॉल्व पूर्ण मिटू देत नाही. 5,200 च्या वर न जाणाऱ्या माझ्या इंजिनाला ते दुखणं नाही. उलट अटकाव असलेल्या लिफ्टरची सेटिंग फार नाजूक असते, थंड इंजिनात जरा चुकली तर गरम झाल्यावर खडखडाट. मी दुसरी जात मागवली.

केसमधले बोअरही मोजले. लिफ्टर आणि बोअर यांत 8 दशहजारांश ते 2 थाउ एवढी फट असावी, 3 थाउ ही शेवटची मर्यादा. माझे चारही दीड थाउच्या आसपास. छान.

27 जानेवारी 2024

लिफ्टर आले. डब्यावर ‘जुळवलेला संच’ असं छापलंय. छापलेलं तपासून घेतलेलं बरं.

हायड्रॉलिक लिफ्टर म्हणजे तेलाच्या उशीवर बसलेला प्लंजर. खाली एकमार्गी व्हॉल्व असतो. लोब वर ढकलतो तेव्हा तेल कोंडलं जातं आणि लिफ्टर घट्ट होतो, थोडंसं तेल बाजूने पाझरतं, आणि लोब उतरला की पंप ते भरून काढतो. हे पाझरणं किती वेगाने होतं त्यावर सगळं अवलंबून. फार हळू पाझरला तर तो लवकर बसत नाही. फार भरभर पाझरला तर आयडलला उंची हरवतो : टिकटिक येते, आणि व्हॉल्व उशिरा उघडून लवकर मिटतो. म्हणजे आपण निवडलेल्या कॅमचे अंश त्या एका सिलिंडरला मिळतच नाहीत.

चारही लिफ्टर रात्रभर 20डब्ल्यू-50 मध्ये बुडवून ठेवले होते. ड्रिल प्रेसच्या स्पिंडलमध्ये पुशरॉडचं टोक धरलं, हँडलला ठराविक वजन टांगलं, आणि प्लंजर तळाला जायला किती सेकंद लागतात ते मोजलं. 46. 43. 48. चौथा 17.

चौथा धुऊन, पुन्हा भरून परत लावला : 18. एकमार्गी व्हॉल्वखाली काहीतरी अडकलेलं असणार. डोळ्यांना मात्र चारही सारखेच चकचकीत. पूर्ण संच परत पाठवला. विकणाऱ्याने काही न विचारता दुसरा लावून दिला.

10 फेब्रुवारी 2024

दुसरा संच : 44, 47, 44, 45. हा बसणार.

आज आतल्या बेअरिंग. मूळच्या पिंजऱ्यात सुया कमी असतात. त्या पुलरने ओढून काढल्या आणि पूर्ण सुयांच्या, टॉरिंग्टन पद्धतीच्या बसवल्या. ठोकून नाही, स्क्रूच्या टूलने सरळ दाबून.

मग कॅम प्लेट आणि पंप. पंपाचे चार स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. क्रँक फिरवत फिरवत थोडे थोडे घेतले की पंप आपलं मध्य स्वतः शोधतो. क्रँकच्या आणि मागच्या कॅमच्या स्प्रॉकेटवर सरळपट्टी लावून पातळी बघितली : 5 थाउच्या आत हवी, मला 3 मिळाली, त्यामुळे स्पेसर बदलावा लागला नाही. स्प्रॉकेटचे बोल्ट लाल लॉकटाइट लावून आधी 15 फूट-पौंड, एक पूर्ण फेरा सैल, आणि मग क्रँकचा 24, कॅमचा 34. दोन्ही कॅमच्या खुणा एका रेषेत आल्यात का ते टॉर्च लावून बघितलं. इथली एका दाताची चूक म्हणजे वाकलेले व्हॉल्व.

2 मार्च 2024

सिलिंडर बोअर होऊन आले, पिस्टन चढले. हेड कायमचं आवळण्याआधी मातीचं काम. पिस्टनच्या खाचांत मॉडेलिंग क्लेच्या पट्ट्या, वरून तेलाचा हात, तात्पुरते घट्ट केलेले लिफ्टर, आणि इंजिन हाताने दोन फेरे. हेड उचलून ब्लेडने पट्टी कापली आणि जाडी मोजली. इनटेकला 112 थाउ, एक्झॉस्टला 130. मला किमान 80 आणि 100 हवे होते. एवढ्या छोट्या कॅमला हे तपासायची गरज नाही असं बरेच जण म्हणतात, पण इथे पिस्टनही नवा आणि गॅस्केटही नवा. अर्ध्या दिवसाची मेहनत, आणि मनाला स्वस्थता.

3 मार्च 2024

पुशरॉड. ज्याने गावाकडे कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेट लावलेत त्याला निम्मं काम येतं : पुशरॉड बोटांनी गोल फिरावा पण वरखाली हलू नये. बुलेटमध्ये तिथे थांबायचं. इथे तिथून सुरुवात.

स्पार्क प्लग काढले, गाडी पाचव्या गिअरमध्ये, मागचं चाक हाताने फिरवून पुढचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला, म्हणजे दोन्ही लिफ्टर लोबच्या गोल पाठीवर. ॲडजस्टेबल पुशरॉड लांब करत नेला, खेळ संपला ती शून्य जागा. आता प्लंजर आत किती दाबायचा? माझ्या लिफ्टरच्या कागदावर 100 थाउ, म्हणजे त्याच्या प्रवासाच्या मधोमध. स्क्रूला इंचाला 32 आटे, म्हणजे एका फेऱ्याला 31 थाउ, षटकोनाच्या एका पैलूला 5. एकोणीस पैलू फिरवले.

मधोमध का, तर इंजिन गरम झालं की वाढतं. सिलिंडर आणि हेड ॲल्युमिनियमचे, पुशरॉड स्टीलचा. सुमारे दहा इंचांच्या उंचीवर 100 अंश सेल्सियस तापमान चढलं तर ॲल्युमिनियम 23 थाउ वाढतं. स्टील त्याच्या निम्मं, आणि पुशरॉड तेवढा तापतही नाही. म्हणजे गरम इंजिनात प्लंजरचा दाब 12-15 थाउंनी कमी होतो. थंड असताना जेमतेम दाबलेला लिफ्टर म्हणूनच रस्त्यावर टिकटिकतो.

प्रत्येक पुशरॉड लावल्यावर थांबायचं. दाबलेल्या लिफ्टरने व्हॉल्व उघडा धरलेला असतो, तेल पाझरून तो मिटेपर्यंत इंजिन फिरवलं तर पिस्टन व्हॉल्ववर आदळतो. पुशरॉड पुन्हा बोटांनी फिरायला लागला की समजायचं. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पुढचे दोन झाल्यावर चहा घेतला, मग मागचे दोन.

20 एप्रिल 2024

सुरू केली. आधी प्लग काढून स्टार्टर फिरवला, तेलाचा दाब काट्यावर दिसेपर्यंत. मग प्लग लावून चोक ओढला. दुसऱ्या दाबाला धरली. पहिली काही सेकंदं लिफ्टर खडखडले, मग एकेक करून गप्प झाले. रोलर लिफ्टर असल्यामुळे कॅमला वेगळं ब्रेक-इन लागत नाही. जपायचं ते नव्या रिंगांना. थोडी गरम करायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, पुन्हा. गरम इंजिनात 2,000 ला दाब 36 पीएसआय.

कॉम्प्रेशन टेस्ट, थ्रॉटल पूर्ण उघडून : पुढचा 175, मागचा 178. हिशेबाशी जुळतं.

18 मे 2024

पाचशे मैल झाले, आता मोकळी सोडली. 33 नंबरच्या रस्त्याने बाराबू, हिल्सबरो करत ऑन्टारिओ (कॅनडातलं नव्हे, इथलंच गाव), आणि तिथून 131 ने किकापू नदीच्या काठाने खाली व्हायोलापर्यंत. या भागावरून हिमनदी गेली नाही म्हणून इथे डोंगर आणि वळणं उरली. मागे बायको, पेट्या भरलेल्या. ला फार्जच्या अलीकडच्या चढावर पूर्वी चौथा टाकावा लागे. आज पाचव्यातच, 2,300 पासून थ्रॉटल दिला आणि गाडी न कुरकुरता ओढत गेली. नॉकिंग नाही. 4,500 च्या पुढे दम कमी पडतो हे खरं, कार्डावर तसंच लिहिलं होतं.

परतल्यावर गरम इंजिनाला कान लावला. लिफ्टरचा आवाज शिलाई मशीनसारखा, चारही एका लयीत.

25 मे 2024

तेल बदलून फिल्टर कापला. घड्यांत ॲल्युमिनियमची बारीक चमक, नव्या पिस्टनची. चुंबकाला काही चिकटलं नाही. स्लो जेट 45 ठेवला, मेन 190. प्लगचा रंग फिकट तपकिरी. टेन्शनरचे शू पुढच्या हिवाळ्यात झाकण काढून बघणार, तोवर दर तेलबदलीला फिल्टर कापायचा.